गेटवेने पैसे अडवले तर काय करायचं: घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, रामबाग या भागांत घरून ऑनलाइन विक्री करणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. कोणी माहेश्वरी साड्या विकतं, कोणी दिवाळीचा फराळ, कोणी संक्रांतीची वाणं. ग्राहक पुण्या-नागपूरपासून बंगळुरूपर्यंत पसरलेले असतात. आणि मग ऐन सणाच्या तोंडावर गेटवेकडून, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे गोळा करून आपल्याला देणाऱ्या कंपनीकडून, मेल येतो: तुमच्या खात्याची तपासणी सुरू आहे, तोपर्यंत सेटलमेंट (जमलेली रक्कम बँकेत पाठवणं) थांबवलं आहे. ग्राहकाने पैसे भरलेले असतात, साडी कुरिअरने गेलेली असते, डॅशबोर्डवर रक्कम दिसतही असते, फक्त ती आपल्या बँकेत येत नाही.

माझे गौरी-गणपतीच्या विक्रीचे पैसे एका पेमेंट कंपनीने असेच अडवले होते. कारण विचारलं की दर वेळी तेच साचेबंद उत्तर यायचं. इकडे महेश्वरहून विणकराचा फोन, "दीदी, रेशमवाले को देना है." त्याला काय सांगणार? त्याने साडी विणून दिली होती, त्याचं काम पूर्ण होतं. माझे पैसे पुढे सुटले, पण त्यासाठी काय करायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. नव्याने विक्री सुरू करणाऱ्यांना ते आधीच माहीत असावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

१. पैसे नेमके कोणी थांबवले, ते आधी ठरवा

"माझं खातं फ्रीझ झालं" असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार असतात आणि दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. यात गल्लत झाली की लोक महिनाभर चुकीच्या दारात उभे राहतात.

पहिला प्रकार गेटवेचा. ग्राहकाने कार्डने किंवा यूपीआयने भरलेले पैसे थेट तुमच्याकडे येत नाहीत. ते आधी पेमेंट अॅग्रिगेटर कंपनीच्या, म्हणजे आपण जिला गेटवे म्हणतो तिच्या, एस्क्रो खात्यात जमा होतात आणि तिथून, बहुधा दोन कामकाजी दिवसांनी, तुमच्या बँक खात्यात येतात. एस्क्रोची ही सक्ती रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासूनची. म्हणजे अडकलेले पैसे कंपनीच्या स्वतःच्या तिजोरीत मिसळलेले नसतात, ते बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात असतात. कंपनीशी बोलताना हे लक्षात असू द्या. तुम्ही तिच्याकडे मेहरबानी मागत नाही, तिने तुमच्या वतीने गोळा केलेली रक्कम मागता आहात.

दुसरा प्रकार बँकेचा. गेटवेकडून पैसे आले, पण आता बँक खात्यातून काढता येत नाहीत. यूपीआय फेल होतं, एटीएम नकार देतं, बॅलन्समध्ये लीन, म्हणजे रोखून धरलेली रक्कम, दिसतं. यामागे बहुतेक वेळा सायबर फसवणुकीची तक्रार असते आणि आदेश पोलिसांकडून आलेला असतो. गेटवेचा इथे काही संबंध नसतो. तुमचा प्रकार हा असेल तर सरळ आठव्या मुद्द्यावर जा.

ओळखायची सोपी खूण सांगते. गेटवेच्या डॅशबोर्डवर सेटलमेंटसमोर यूटीआर, म्हणजे बँकेत पाठवलेल्या रकमेचा क्रमांक, दिसत असेल, तर पैसे गेटवेकडून निघालेले आहेत. यूटीआर नसेल आणि "ऑन होल्ड" दिसत असेल, तर पैसे गेटवेकडेच आहेत.

२. गेटवे पैसे का थांबवतात

कंपनीला तुमच्याशी वैर नसतं. ग्राहकाने कार्ड कंपनीकडे तक्रार केली, की माल मिळाला नाही किंवा वेगळाच आला, तर बँक ती रक्कम गेटवेकडून परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. तोवर तुम्ही पैसे काढून घेतलेले असले तर तोटा गेटवेच्या अंगावर येतो. कार्डाच्या व्यवहारावर अशी तक्रार करायला ग्राहकाला साधारणपणे १२० दिवसांपर्यंत मुदत असते. काही कंपन्या पैसे इतके लांबवर का रोखून धरतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

मी स्वतः पाहिलेली आणि ओळखीच्या विक्रेत्यांकडून ऐकलेली कारणं अशी:

- एरवी आठवड्याला चार ऑर्डर आणि सणाच्या आधी एकदम चाळीस. यंत्रणेला एवढंच दिसतं की उलाढाल अचानक वाढली. आपल्याकडे महालक्ष्म्या येतात हे तिला ठाऊक नसतं.
- नोंदणी करताना व्यवसाय "कपडे" लिहिला आणि पुढे त्याच खात्यावर फराळ किंवा दागिने विकायला सुरुवात केली.
- गेटवेला कळवलेल्या वेबसाइटऐवजी दुसऱ्याच पत्त्यावरून, किंवा नुसत्या पेमेंट लिंक पाठवून विक्री.
- पॅनवर एक नाव, बँकेत दुसरं, जीएसटीवर तिसरं. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावामुळे बायकांच्या बाबतीत हे फार होतं.
- वेबसाइटवर परतावा, रद्द करणं, माल पोहोचवणं आणि संपर्क ही पानं नसणं.
- मैत्रिणीच्या विक्रीचे पैसे आपल्या खात्यावर घेणं. हे भलेपणाने केलं जातं, पण करारानुसार चालत नाही.

माझ्या बाबतीत पहिलं कारण होतं. ते मला शेवटी कळलं, कारण कंपनीने ते लेखी सांगेपर्यंत मी विचारणं सोडलं नाही.

३. पहिल्याच दिवशी ही कामं करा

डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट काढा: अडकलेली एकूण रक्कम, प्रत्येक व्यवहाराचा आयडी, तारीख, आणि कंपनीने दाखवलेली सूचना. काही कंपन्या नंतर डॅशबोर्डच बंद करतात, मग तुमच्याच हिशेबाची तुमच्याकडे प्रत राहत नाही. व्यवहारांचा आणि सेटलमेंटचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घ्या, शक्य असेल तर विक्री सुरू केल्या दिवसापासूनचा.

त्या खात्यावर नवे पेमेंट घेणं थांबवा. वेबसाइटवर गेटवेचं बटण तसंच राहिलं तर रोज नवी रक्कम आत जाऊन अडकत राहते. तोवर कॅश ऑन डिलिव्हरी किंवा दुसरा गेटवे चालू ठेवा.

ज्या ग्राहकांचा माल अजून गेलेला नाही, त्यांना फोन करा. खरं ते सांगा: पेमेंट कंपनीकडे तपासणी चालू आहे, साडी अमुक तारखेला निघेल. ग्राहक थांबतात. काहीच न कळवता आठ दिवस गेले, की तेच ग्राहक चार्जबॅक टाकतात आणि तुमची केस आणखी बिघडते.

आता एक मोठा सापळा. घाईने ग्राहकाला स्वतःच्या यूपीआयवरून पैसे परत करू नका. ग्राहक प्रामाणिक असला तरी त्याने आधीच बँकेत तक्रार टाकलेली असू शकते, आणि मग मूळ व्यवहाराची रक्कमही त्याला परत जाते. तुमचे पैसे दोनदा जातात. परतावा नेहमी गेटवेमधूनच, मूळ व्यवहारावर करायचा. गेटवेने परतावाही बंद ठेवला असेल आणि ग्राहक अगदी अडचणीत असेल, तर व्यवहार आयडी लिहून, "या ऑर्डरची रक्कम मला मिळाली, बँकेत तक्रार केलेली नाही आणि करणार नाही" असा मेल त्याच्याकडून आधी घ्या.

दुसरा सापळा: नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या पॅनवर त्याच कंपनीत नवं खातं उघडणं. वेबसाइट तीच, फोन तोच, पत्ता तोच. यंत्रणा जोडणी लावते, मग दोन्ही खाती बंद होतात आणि तुमचा हेतूही संशयास्पद ठरतो.

तिसरा: इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन लावणं. तिथे खोटे नंबर भरपूर आहेत. "दहा टक्के द्या, खातं सोडवून देतो" म्हणणारे टेलिग्रामवर भेटतात, स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला सांगतात आणि उरलेली रक्कमही घेऊन जातात. संपर्क डॅशबोर्डमधल्या तिकिटावरून (तक्रारीच्या नोंदीवरून), किंवा कंपनीच्या वेबसाइटवर छापलेल्या पत्त्यावरच करा.

आणि जीएसटी भरत असाल तर सीएंना लगेच कळवा. मालाची विक्री बिलाच्या तारखेने रिटर्नमध्ये दाखवावी लागते. पैसे गेटवेकडे अडकलेत म्हणून कर थांबत नाही, त्याची तजवीज वेगळी करावी लागते.

४. कागदपत्रांची फाइल

ही फाइल खरं तर विक्री सुरू करतानाच तयार हवी. नसेल तर आता एक दिवस काढून बनवा. प्रत्येक कागदाची स्वच्छ पीडीएफ करा, नाव सरळ ठेवा, आणि सगळं एकाच फोल्डरमध्ये.

ओळख आणि व्यवसायाची बाजू: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता, जीएसटी असल्यास त्याचं प्रमाणपत्र, फराळ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या, सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. नाव बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रतही याच फाइलमध्ये.

मालाची बाजू: विणकराचं किंवा घाऊक व्यापाऱ्याचं बिल. घरगुती विक्रीत इथे खूप जण अडतात, कारण महेश्वरला जाऊन साड्या आणल्या तरी कागद हातात नसतो. विणकराकडे छापील बिल नसलं तर साध्या पावतीवर साडीचं वर्णन, संख्या, रक्कम, तारीख आणि सही घ्या, आणि पैसे रोख न देता बँकेतून द्या. माझ्या फाइलमधले सगळ्यात उपयोगी कागद हेच ठरले. माल खरोखर विकत घेतला जातो, पुढे विकला जातो, हे त्यांनी दिसलं.

प्रत्येक ऑर्डरची बाजू: बिल, ग्राहकाशी झालेला संवाद, कुरिअरचा एडब्ल्यूबी (पार्सलचा ट्रॅकिंग) क्रमांक आणि माल पोहोचल्याचा पुरावा. कुरिअर कंपन्यांच्या साइटवरची जुनी ट्रॅकिंगची माहिती काही काळाने दिसेनाशी होते. म्हणून माल पोहोचला की त्याच दिवशी त्या पानाची पीडीएफ करून ठेवा.

पॅक करतानाचा फोटो कसा काढायचा तेही सांगते. माहेश्वरी साडीला बुगडी काठ असतो, ती दोन्ही बाजूंनी नेसता येते. मी साडी अशी उलगडते की पदर, काठाची सुलट बाजू आणि उलट बाजू एका चौकटीत येतात. शेजारी पत्ता चिकटवलेलं पाकीट वजनकाट्यावर, एडब्ल्यूबी क्रमांक आणि ग्रॅमचा आकडा दोन्ही वाचता येतील असं. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, कारण ट्यूबलाइटखाली साडीचा 'आनंदी' नावाचा रंग निळा दिसतो आणि मग "वेगळाच रंग पाठवला" ही तक्रार खोडता येत नाही. हा एक फोटो तीन प्रश्नांची उत्तरं देतो: काय पाठवलं, किती वजनाचं पाठवलं, कोणाला पाठवलं.

५. कंपनीला मेल कसा लिहायचा

फोनवर बोललेलं पुढे कशालाच उपयोगी पडत नाही. तिकीट टाका, तोच मजकूर मेलनेही पाठवा आणि तिकीट क्रमांक जपून ठेवा. मेल इंग्रजीत लिहावा लागतो, पण आशय साधारण असा हवा:

"आमच्या मर्चंट आयडीवरचं सेटलमेंट अमुक तारखेपासून थांबलेलं आहे. अडकलेली रक्कम इतकी. व्यवहारांची यादी, बिलं आणि माल पोहोचल्याचे पुरावे सोबत आहेत. तीन गोष्टी लेखी कळवा: रक्कम कराराच्या कोणत्या कलमाखाली थांबवली, आमच्याकडून आणखी कोणता कागद हवा, आणि रक्कम कोणत्या तारखेपर्यंत सुटेल. ज्या व्यवहारांवर ग्राहकाची तक्रार नाही, त्यांची रक्कम आधी सोडावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. दोन-चार व्यवहारांवर शंका असते आणि सगळीच रक्कम अडवलेली असते. निर्वाद व्यवहार वेगळे काढून मागितले की समोरच्या माणसाला निर्णय घेणं सोपं जातं. माझी बरीचशी रक्कम अशीच आधी सुटली आणि उरलेल्या मोजक्या ऑर्डरींचा वाद नंतर मिटला.

यादी एक्सेलमध्ये द्या: व्यवहार आयडी, तारीख, रक्कम, ग्राहकाचं शहर, एडब्ल्यूबी, पोहोचल्याची तारीख, जोडलेल्या पीडीएफचं नाव. तपासणाऱ्याला एकेक फाइल उघडून शोधावं लागलं तर तुमची केस मागे पडते. चिडून लिहू नका. उपजीविका अडकलेली असताना राग येणारच, पण तोच मेल उद्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर जायचा आहे.

कराराची प्रतही उतरवून वाचा. रक्कम रोखण्याचं कलम आणि वाद कोणत्या शहरात चालेल याचं कलम, ही दोन तरी नक्की. बहुतेक करारांत हे शहर कंपनीच्या मुख्यालयाचं असतं, म्हणजे कोर्टाची भाषा करण्याआधी इंदूरहून तिकडे जाण्याचा खर्च धरावा लागतो. छोट्या रकमेसाठी तो परवडत नाही, म्हणूनच पुढच्या दोन पायऱ्या महत्त्वाच्या.

६. नोडल अधिकारी

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार पेमेंट अॅग्रिगेटरला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार वर नेण्याचा क्रम वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. तो बहुधा अगदी तळाशी, बारीक अक्षरात, "ग्रिव्हन्स" नावाच्या पानावर असतो. तिकिटावर साचेबंद उत्तरं येत राहिली की त्या क्रमाने वर जा. प्रत्येक मेलमध्ये आधीचा तिकीट क्रमांक आणि तारीख लिहा. मला पहिलं माणसासारखं उत्तर मिळालं ते या पायरीवर.

त्याच वेळी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर परवानगी मिळालेल्या पेमेंट अॅग्रिगेटरांची यादी बघून घ्या. ब्रँडचं नाव वेगळं आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असतं. पुढे तक्रारीत नोंदणीकृत नावच लागतं. नवा गेटवे निवडतानाही ही यादी आधी बघायची. तिच्यात नाव नसलेली कंपनी कितीही कमी कमिशन देत असली तरी तिच्याकडे जाऊ नका.

७. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

आधीच्या वेगवेगळ्या लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्र झाल्या, त्यामुळे आता तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचं सीएमएस हे एकच पोर्टल आहे. फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोर्टल जमत नसेल तर तक्रार टपालाने चंदीगडच्या केंद्रीय कक्षाकडेही पाठवता येते.

इथे लोक तीन ठिकाणी अडखळतात.

एक, कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली हवी, आणि तिने ती फेटाळलेली हवी किंवा ३० दिवसांत उत्तर दिलेलं नसावं. या आधी गेलात तर तक्रार परत येते. पुढे खूप उशीर केला तरी चालत नाही, म्हणून तीस दिवस झाले की लगेच दाखल करा. पाचव्या मुद्द्यातला मेल पहिल्याच दिवशी पाठवायचा तो यासाठी, त्या तारखेपासून दिवस मोजले जातात.

दोन, वकिलामार्फत तक्रार करता येत नाही. तुम्ही स्वतः करा, किंवा वकील नसलेल्या कोणाला तरी लेखी अधिकार द्या. तोच विषय कोर्टात किंवा लवादात चालू असेल तर इथे घेतला जात नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: कंपनीच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार योजनेत बसत नाही. "माझं खातं बंद का केलं" असं लिहिलंत तर कोणाशी व्यवसाय करायचा हा कंपनीचा निर्णय आहे, असं उत्तर येऊ शकतं. सेवेतली त्रुटी लिहा. सगळे कागद दिल्यावरही कारण लेखी दिलं नाही, मुदत सांगितली नाही, वाद नसलेल्या व्यवहारांची रक्कमही रोखली, नोडल अधिकाऱ्याने उत्तर दिलं नाही. प्रत्येक वाक्यापुढे तारीख आणि पुरावा.

तक्रार योजनेबाहेरच्या संस्थेविरुद्ध असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे पाहिली जाते.

काही जण एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार टाकायला सुचवतात. ते पोर्टल खरेदीदाराने लघुउद्योगाचे पैसे थकवले तर त्यासाठी आहे. गेटवे तुमचा माल विकत घेत नाही, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

८. बँक खातंच गोठलं असेल तर

हा प्रकार जास्त घाबरवणारा आहे, कारण त्यात पोलीस हा शब्द येतो. घाबरू नका, आधी तो कसा घडतो ते बघा. कुठेतरी कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते. ती व्यक्ती १९३० वर फोन करते किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करते. मग ते पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले याचा माग थरांनी काढला जातो. त्या ओघात फसवणाऱ्याने, किंवा त्याच्याकडून पैसे मिळालेल्या तिसऱ्याच माणसाने, तुमच्याकडून काही विकत घेतलेलं असेल, तर तुमचं खातंही त्या साखळीत येतं. शेव-चिवडा विकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. परराज्यातल्या एका ग्राहकाने क्यूआरवर पैसे टाकले, पार्सल गेलं, आणि काही दिवसांनी तिचं सगळंच खातं थांबलं. त्यातच मुलाची फी आणि घराचा हप्ता होता.

बँकेत तोंडी चौकशीवर थांबू नका. शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज द्या, पोच शिक्का घ्या, आणि हे लेखी मागा: पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत मेल, वादग्रस्त रक्कम किती, आणि आदेशाची प्रत. काउंटरवर "मॅडम, वरून आलंय, आमच्या हातात काही नाही" असं ऐकायला मिळेल. खातं सोडणं त्यांच्या हातात नसतं, पण माहिती देता येते. शाखेने दिली नाही तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा.

मग तपास अधिकाऱ्याला मेल करा. सोबत त्या एका व्यवहाराचं बिल, ग्राहकाशी झालेला संवाद, कुरिअरची पावती, माल पोहोचल्याचा पुरावा, तुमची ओळखपत्रं आणि व्यवसायाचे कागद. दोन विनंत्या करा: हा खऱ्या विक्रीचा व्यवहार असल्याने खातं मोकळं करावं, आणि तपास बाकी असेल तर तोवर फक्त वादग्रस्त रक्कम रोखून बाकीचं खातं सुरू करावं. दुसरी विनंती अवाजवी नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत संशयित रकमेपुरतंच खातं गोठवावं अशी भूमिका घेतली होती. अधिकाऱ्याचं समाधान झालं की तो बँकेला एनओसी पाठवतो. मैत्रिणीचं खातं असंच सुटलं, प्रत्यक्ष त्या राज्यात जावं लागलं नाही.

उत्तरच आलं नाही तर वकील गाठा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस मालमत्ता जप्त करतात, तेव्हा त्याची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि कलम ५०३ खाली ती सोडवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे काम वकिलाचंच आहे, पण कलमं माहीत असली की नेमका सल्ला विचारता येतो.

या सगळ्यात कोणी "साहेब बोलतोय" म्हणून फोन करून खातं सोडायला पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. फोन आलेल्या नंबरची खात्री त्या पोलीस ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर करा.

आणि जे अजून सुरक्षित आहेत त्यांनी आजच धंद्याचं खातं घराच्या खात्यापासून वेगळं करा. शक्यतो दुसऱ्या बँकेत.

९. परदेशातले ग्राहक

अमेरिका-दुबईच्या मराठी मंडळींना साड्या पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, आता इथल्या विक्रेत्यांना ते परदेशी ग्राहकांपुरतंच वापरता येतं. खात्यावर मर्यादा घातली गेली तर त्यांच्या अटींनुसार रक्कम १८० दिवसांपर्यंत अडकून राहू शकते. पार्सल नेहमी ट्रॅकिंग असलेल्या सेवेनेच पाठवा आणि क्रमांक त्या व्यवहारात लगेच भरा. पर्पज कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले ते सांगणारा) नोंदणीच्या वेळीच बरोबर निवडा. परदेशी रकमेची बँकेकडची कागदपत्रं सीएंना लागतात, ती महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवा.

१०. पैसे सुटल्यावर आणि पुढच्या सणाआधी

रक्कम आली की व्यवहारनिहाय ताळा घ्या. गेटवेचं कमिशन, त्यावरचा जीएसटी, परतावे आणि चार्जबॅक वजा होऊन आकडा जुळला पाहिजे. फरक असेल तर त्याच तिकिटावर लगेच लिहा, तिकीट बंद होऊ देऊ नका. बंद झालेलं तिकीट नव्याने उघडून घेताना सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागते.

दुसरा गेटवे सुरू करून ठेवा आणि त्यावर अधूनमधून थोडी विक्री होऊ द्या. नुसता नोंदवून ठेवलेला, वर्षभर निपचित पडलेला गेटवे सणाच्या आठवड्यात अचानक वापरला, तर तोही थांबण्याची शक्यता असते.

गेटवेत जमणारी रक्कम साठवू नका, आपोआप रोज सेटलमेंट होईल अशी सोय निवडा. विणकराचे आणि सुताचे पैसे येणाऱ्या सेटलमेंटवर विसंबून कबूल करू नका, त्यापुरती रक्कम बँकेत वेगळी असू द्या. मला स्वतःला हे जमायला वेळ लागला, कारण घरगुती धंद्यात भांडवल थोडं असतं. तरी एका सणाच्या खरेदीइतकी रक्कम बाजूला पडली की डोक्यावरचा ताण पुष्कळ कमी होतो.

विक्री वाढणार असेल तर गेटवेला आधी कळवा. "अमुक सणामुळे या तारखांमध्ये ऑर्डर वाढतील, एका ऑर्डरची रक्कम साधारण इतकी असेल, गेल्या वर्षीचा अहवाल सोबत आहे" एवढा चार ओळींचा मेल पुरतो, आणि त्याचं उत्तर जपून ठेवायचं. संक्रांतीच्या वाणांच्या ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापासून यायला लागतात. तेव्हा त्या विक्रीसाठीचा मेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेला असावा, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवासाठीचा होळीच्या आधी.